सबुरी पळाली होती म्हणे

आईची मंडळातली माणसं मी त्या रविवारपर्यंत एकदाही पाहिली नव्हती, पण त्यांच्याबद्दल माझं मत पक्कं होतं. प्रत्यक्ष पाहिल्यावर ते बदलेल असं बाबा म्हणाले होते. बदललं. आणखी वाईट झालं.

आधी मागचं सांगून टाकते, म्हणजे घोळ नको. एकोणीस वर्षांची असताना आई एका मंडळाच्या फेरीवर गेली होती. फेरी म्हणजे वर्षभर घर सोडायचं, परक्या गावात दोघादोघांच्या जोडीने दारोदार हिंडायचं, बेल वाजवायची, आणि दार उघडणाऱ्याला देवाबद्दल चार गोष्टी सांगून त्याच्या हातात पुस्तिका कोंबायची. घरचं नाव टाकून मंडळाने दिलेलं नाव घ्यायचं, तेही एखाद्या सद्गुणाचं. आईच्या वाट्याला ‘सबुरी’ आलं होतं. माझी आई लिफ्टचं बटण चारदा दाबते आणि पाचव्यांदा दाबायच्या आधीच जिना चढायला लागते, यावरून मंडळाला माणसांची किती पारख होती ते समजा. तिची जोडीदारीण होती ‘निष्ठा’. दोघी एका भाड्याच्या खोलीत राहायच्या, एकच छत्री वापरायच्या आणि एकमेकींच्या वेण्या घालायच्या.

फेरीचा एक नियम होता. आजारी पडलं तर पहिले तीन दिवस औषध घ्यायचं नाही, नुसती प्रार्थना. सर्दीला हा नियम उत्तमच, कारण सर्दी अशीही कुणाचं ऐकत नाही. पण निष्ठाचं दुखत होतं पोट, तेही उजव्या अंगाला. ताप चढला, पाणीसुद्धा पोटात ठरेना. दुसऱ्या दिवशी दुपारी आई प्रार्थना अर्धवट टाकून उठली, समोरच्या टेम्पोवाल्याच्या हातापाया पडली आणि तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाईक म्हणून आईने सही केली आणि टाके निघेपर्यंत तिच्या खाटेशेजारी फरशीवर झोपली. मग फेरीचे प्रमुख आले, त्यांना सगळे ‘मोठे भाऊ’ म्हणायचे. नियम मोडला म्हणून त्यांनी आईला त्याच दिवशीच्या बसने घरी धाडलं, आणि बाकीच्यांना काय सांगितलं, तर सबुरी पळून गेली. निष्ठा बिचारी एकटी पडली, तिने तीन दिवस प्रार्थना केली आणि खडखडीत बरी झाली. दवाखान्याचा द सुद्धा नाही. आणि निष्ठाने हो ला हो केलं. चोवीस वर्षं ती दर मेळाव्यात हेच सांगत होती.

हे सगळं आईने मला यंदाच सांगितलं. त्याआधी मला एवढंच माहीत होतं की दारावर कुणी पुस्तिका घेऊन आलं की आई त्यांना पाणी देते आणि पुस्तिका परत करते.

मग कुणीतरी तिचा नंबर शोधून काढला आणि फोनवरच्या त्यांच्या ग्रुपमध्ये तिला घेतलं. रोज सकाळी पावणेसहाला फुलं, उगवता सूर्य आणि जोडलेले हात. पंधरा दिवसांनी मेळाव्याचं आमंत्रण आलं. मी म्हटलं, जाऊ नकोस, या लोकांना तोंड तरी कशाला दाखवायचं. आई इस्त्री करत होती. ती म्हणाली, “मला माफी वगैरे काही नको. निष्ठाने सगळ्यांसमोर फक्त म्हणावं, सबुरी पळाली नव्हती. तीन शब्द. तेवढे ऐकून मी परत येते.” आणि ज्या कुडत्याला आधीच कडक इस्त्री होती त्याला तिने पुन्हा इस्त्री केली.

बाबा म्हणाले, मला यात ओढू नका. म्हणून मी गेले.

मेळावा मोठ्या भाऊंच्या घरी होता, पडद्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. मोठे भाऊ आता जागा विकून देतात. दारोदार हिंडायची सवय वाया गेली नाही म्हणायची. हॉलमधलं फर्निचर हलवून भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर मंडपवाल्याचा नंबर रंगवलेला. दाराशी एका टेबलावर नावांचे बिल्ले होते. धीर, श्रद्धा, विनम्र, करुणा, संयम. सगळ्यांचे छापलेले. आईचा पेनाने लिहिलेला, आणि पेन मध्येच संपल्यामुळे ‘री’ निळ्याऐवजी लाल.

चपला बाहेर काढायच्या. गोलात अनवाणीच बसायचं असतं, असं मला तीन वेगवेगळ्या लोकांनी तीनदा सांगितलं. मग भेटीगाठी. त्यांची भेटायची एक पद्धत आहे. समोरच्याचे दोन्ही हात हातात घ्यायचे आणि काही न बोलता त्याच्या डोळ्यांत बघत राहायचं, समोरचा पापणी मिटेपर्यंत. आमच्या शाळेत याला ‘टक लावणं’ म्हणतात आणि हरेल त्याने काहीतरी खायला घालायचं असतं. इथे हरलेला माणूस भारावला असं धरतात. करुणा नावाच्या बाईंनी माझेही हात धरले. मी जिंकले.

विनम्र आले तेव्हा त्यांचा आवाज त्यांच्या आधी जिन्यातून वर आला. त्यांचा टाइल्सचा कारखाना आहे, हे मला पहिल्या मिनिटात कळलं. दुसरा कारखाना निघतोय, हे दुसऱ्या मिनिटात. त्यांनी आईचा बिल्ला वाचला आणि हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाले, “अरे, ही तर आपली पळपुटी सबुरी. ये बाई, ये. आम्ही तुला कधीच माफ केलंय.”

सगळे हसले. प्रेमाने हसले, हेच तर वाईट. कुणी दात-ओठ खाऊन बोललं असतं तर मला दोन हात करता आले असते. ही माणसं गोडसर हसतात आणि तुम्ही नाराज झालात तर तुमचंच मन छोटं ठरतं.

मी आईकडे बघितलं. माझी आई नळ दुरुस्त करणाऱ्याला एका वॉशरसाठी तीनदा परत बोलावते. बँकेतल्या माणसाला तिने एकदा स्वतःची चूक स्वतःच्याच हाताने लिहायला लावली होती. ती आई म्हणाली, “बरं.” नुसतं बरं. मान मात्र लाल झाली होती, कानांपर्यंत. त्या दारातून आत पाऊल टाकलं आणि ती एकोणीस वर्षांची झाली, आणि एकोणीस वर्षांची माझी आई मला मुळीच आवडली नाही.

निष्ठामावशी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मावशी म्हणायचं असं आईने आधीच बजावलं होतं. आईच्या वयाची बाई दिसली की ती मावशी, मग तिने काहीही केलेलं असो. मला ती दुष्ट दिसावी अशी फार इच्छा होती, पण ती बारकी, गोऱ्या रंगाची, घाबरट हसणारी बाई होती, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. तिने आईला मिठी मारली आणि सोडेचना. आईने तिच्या वेणीवरून हात फिरवला. मग हळूच विचारलं, आज नीट सांगशील ना. तेव्हा मावशी तिच्या खांद्याआडून म्हणाली की दर वेळी सांगते तशी आजही सांगणारच आहे, मोठ्या भाऊंनी यादीत तिचं नाव शेवटी ठेवलंय. आईला हे उत्तर होकारासारखं वाटलं. मला नाही वाटलं. पण मला कोण विचारतंय.

मुलांनी आतल्या खोलीत बसावं असा हुकूम निघाला. मुलं म्हणजे मी आणि निष्ठामावशीची मुलगी. ती तेरा वर्षांची आहे आणि घरात तिला अजून छकुली म्हणतात. तेरा वर्षांच्या माणसाला छकुली. पलंगावर सगळ्यांच्या पर्सा आणि ओढण्या पडल्या होत्या, त्यांच्यातच आम्ही बसलो. छकुलीने मला बिस्कीट दिलं आणि विचारलं की माझा कितवा मेळावा. मी म्हटलं, पहिला आणि शेवटचा. तिचा अकरावा होता. तिच्या आईची साक्ष तिला तोंडपाठ होती. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, कुठे लोक ‘धन्य’ म्हणणार, सगळं तिने मला करून दाखवलं. छान करते. नाटकात घ्यावी अशी.

“आणि तिसऱ्या दिवशी पहाटे माझी वेदना माझ्यातून उठून गेली,” छकुली डोळे मिटून म्हणाली, “जशी पाहुणी उठून जाते.”

मी म्हटलं, “पाहुणी नव्हे, अपेंडिक्स. आणि उठून नाही गेलं, कापून काढलं.”

खरं तर मी सांगायला नको होतं. आई म्हणाली होती की हे निष्ठाचं निष्ठाने सांगायचं. पण यंदापासून माझ्या तोंडाला ब्रेक राहिलेला नाही. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे, आता मुख्याध्यापिका मला बघून केबिनचं दार लावून घेतात. तर मी सांगितलं. टेम्पो, सरकारी दवाखाना, सही, सगळं.

छकुली चिडली नाही. ती विचार करत बसली. मग म्हणाली, आईच्या पोटावर एक व्रण आहे खरा, पण तो माझ्या जन्माचा. तिने कधी उलट उत्तर दिलं, की तिची आई म्हणते, तुझ्यासाठी मी पोट फाडून घेतलं आणि तू अशी बोलतेस.

“कुठे आहे व्रण?” मी विचारलं.

तिने स्वतःच्या फ्रॉकवर बोटाने दाखवलं. उजव्या बाजूला, खाली, तिरपा, अंगठ्याएवढा.

आमचं जीवशास्त्राचं पुस्तक मी वर्ष सुरू व्हायच्या आधीच वाचून काढलं होतं. मी तिला सांगितलं की ऑपरेशन करून मूल काढतात ते मधोमध, चांगला वीतभर छेद घेऊन. “एवढ्याशा फटीतून तू निघाली असशील तर जन्मताना तू पेन्सिलीएवढी होतीस.”

ती हसली. मग हसायची थांबली. तिने आपलं बोट तिथेच ठेवलं होतं. तेरा वर्षं ही मुलगी एका व्रणापायी मान खाली घालून जगली होती आणि तो व्रण तिचा नव्हताच. मला वाटलं, आता ती रडणार. पण तिने आणखी एक बिस्कीट खाल्लं आणि म्हणाली, चल, गोल सुरू झाला असेल.

गोल सुरू झालाच होता. आम्ही दाराला टेकून उभ्या राहिलो. गोलाबाहेरच्यांनी बोलायचं नसतं, असं मोठ्या भाऊंनी हाताच्या इशाऱ्याने कळवलं. मोठे भाऊ फार कमी बोलतात आणि त्यामुळे फार मोठे वाटतात. पांढरा सदरा, पांढरे केस, मध्ये एक गुलाबी चेहरा. बोलण्याआधी ते डोळे मिटतात. मला खात्री आहे की जागेचा भाव सांगण्याआधीही मिटत असतील.

विनम्रांनी साक्ष दिली. एकदा कुत्रा मागे लागला असताना देवाने त्यांना कुंपणावर कसं चढवलं, त्याच कुंपणाच्या मालकाने पुढे त्यांना पहिली ऑर्डर कशी दिली, आणि या सगळ्यातून ते नम्रता कसे शिकले. वीस मिनिटं. धन्य, म्हणाले सगळे. करुणाबाईंनी सुनेने वेगळं घर केल्याचं सांगितलं आणि त्या फार रडल्या, पण सुनेची करुणा कुणालाच आली नाही. धन्य. आई खुर्चीच्या टोकाशी बसली होती. बसचा नंबर अजून दिसलेला नाही, पण हातात सुटे पैसे तयार आहेत, अशी.

मग निष्ठामावशी उठली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सुरू केलं. खोली. ताप. दार लावून घेतलेलं. “माझी सोबतीण त्या संध्याकाळी मला सोडून गेली,” ती म्हणाली आणि तिचा आवाज बरोबर छकुलीने दाखवलेल्या ठिकाणी उतरला. “मी तिला दोष देत नाही. ती लहान होती.”

धन्य, म्हणाले सगळे. तीन शब्द राहिले बाजूला.

आई मावशीकडे बघत राहिली. मी आईला मनातल्या मनात ढकलत होते, ऊठ, बोल, बँकेतल्या माणसाशी बोललीस तसं बोल. आणि मावशी पाहुणीपर्यंत येऊन पोचली.

“मग तुझ्या पोटावरचा व्रण कसला?”

हे माझ्या शेजारून आलं. छकुली हळूच बोलली होती, पण ‘धन्य’च्या आधी त्यांच्यात एक शांतता असते आणि ती नेमकी तिच्यात बोलली. “मी एवढ्याशा जागेतून कशी येईन, आई? मी काय पेन्सिल आहे?”

कुणी हसलं नाही. मावशी उघड्या तोंडाने उभी राहिली, हात पोटावर. चष्मा नाकावरून घसरला होता, तो वर करायचंही तिला सुचेना. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाच. खोटं कशाला बोलू.

आता खरा चमत्कार ऐका. मी तो या डोळ्यांनी बघितला, म्हणून माझीही ही साक्षच धरा. मोठ्या भाऊंनी डोळे मिटले. चार श्वास घेतले. आणि म्हणाले की वैद्याच्या हातातही कोणाचा हात असतो. निष्ठाने आजवर हे सांगितलं नाही, कारण ती डॉक्टरांना नाही, देवाला मान देत होती. सबुरी पळून निघाली होती, खरंच निघाली होती, पण स्टँडवरून कृपेने तिला मागे वळवलं आणि तिच्या हातून निष्ठाला दवाखान्यात पोचवलं.

“पळणाऱ्या पायांनाही देव कामाला लावतो,” मोठे भाऊ म्हणाले.

धन्य. अगदी मनापासून. कुणाच्या घशात एक खडासुद्धा अडकला नाही. चोवीस वर्षांचं खोटं होतं त्याच्या शेजारी त्यांनी खरं मांडलं, दोघांची ओळख करून दिली आणि दोघांनाही चहा दिला. विनम्र तर डोळे पुसत होते. ते आईकडे वळून म्हणाले की सबुरी, पुढच्या मेळाव्यात ही साक्ष तू द्यायची, स्टँडपासून सुरू कर. आणि निष्ठामावशीने, हो, तिने, चष्मा वर केला आणि म्हटलं, “हो. स्टँडवरून वळली ती.”

आई उठली. तिने बिल्ला काढून खुर्चीवर ठेवला, पर्स घेतली आणि बाहेर आली. मी मागोमाग. लिफ्टचं बटण तिने एकदाही दाबलं नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही हातात आणलेल्या चपला घालत होतो तेव्हा वरून अनवाणी पावलं आली. निष्ठामावशी. धावल्यामुळे तिला धाप लागली होती. तिने आधी वर, दाराकडे बघितलं. मग आईच्या दंडाला धरून अगदी बारीक आवाजात म्हणाली की तू पळाली नव्हतीस, मला माहीत आहे, मी विसरलेले नाही, रोज आठवतं.

आई म्हणाली, “हे मलाही माहीत आहे. वर चल आणि वर म्हण.”

“आता कसं म्हणू गं? मुलगी बघतेय. ह्यांच्या घरचे सगळे मंडळात आहेत. मी ज्या शाळेत शिकवते ती मंडळाची. सगळं त्याच एका गोष्टीवर उभं आहे.” तिने आईचा दंड दाबला. “तू समजून घेशील. तू आधीपासून माझ्यापेक्षा खंबीर.”

ही त्यांची आणखी एक पद्धत. तुम्हाला खंबीर म्हणायचं आणि ओझं तुमच्या डोक्यावर ठेवायचं. मी तोंड उघडलं, पण आईने माझ्याकडे न बघताच हात वर केला आणि मी ते मिटलं. मावशी थोडी थांबली, मग पायऱ्या चढून गेली. दार लागल्याचा आवाज आला.

आई पायरीवर बसली. मी म्हटलं, जाऊ दे, चल. ही माणसं थुंकण्याच्याही लायकीची नाहीत. तिने चपलेचा बंद लावला. काढला. पुन्हा लावला. मग विचारलं की आत आता काय चाललं असेल. मी म्हटलं, चहा. आणि बहुतेक तुझी नवी गोष्ट पाठ करताहेत, स्टँडवरची.

“स्टँडवर मी गेलेच नाही गं,” आई म्हणाली. “स्टँड कुठे होता तेसुद्धा मला नंतर कळलं. भाऊंनी बसमध्ये बसवलं तेव्हा.”

ती उठली आणि खाली जायच्याऐवजी वर गेली. दोन दोन पायऱ्या एकदम. मी धावतच मागे. तिने दार ढकललं आणि चपला घालूनच आत शिरली, थेट गोलाच्या मधोमध. ते बघूनच करुणाबाईंच्या कपातला चहा सांडला. धर्म बुडाला असता तरी त्यांना एवढा धक्का बसला नसता.

मोठे भाऊ म्हणाले, “सबुरी, चपला.”

“माझं नाव सबुरी नाही,” आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. हा नळवाल्याशी बोलायचा आवाज, मी ओळखते, यापुढे कुणाचं काही चालत नाही. “मी निघाले नव्हते आणि वळले पण नव्हते. दुपारी अडीच वाजता मी हिला उचलून टेम्पोत घातली. देवाने काही सांगितलं नव्हतं. ती पांढरीफटक पडली होती, ते मला दिसत होतं. कागदावर बहीण म्हणून सही केली. सात दिवस हिच्या खाटेशेजारी झोपले, हिचं भांडं धुतलं. आणि मग तुम्ही आलात, भाऊ, आणि—”

“आठ,” निष्ठामावशी म्हणाली.

ती कोपऱ्यात बशा गोळा करत उभी होती. कुणाशी बोलत नव्हती. एखाद्याने हिशेब चुकवला की दुसरा आपोआप सुधारतो, तशी म्हणाली. “आठ दिवस. सातव्या दिवशी डॉक्टर आलेच नव्हते. टाके आठव्या दिवशी काढले. तू माझा हात धरला होतास.”

आणि मग आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं.

मोठ्या भाऊंनी डोळे मिटले. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले, मीसुद्धा, कारण याचं ते काय करतात ते मला बघायचं होतं. चार श्वास झाले. पाच, सहा, सात. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले की चहा गार होतोय. विनम्रांनी एक फोन काढला, त्यात काही दिसेना म्हणून दुसरा काढला. धन्य कुणीच म्हणालं नाही. छकुलीने मावशीच्या हातातल्या बशा घेतल्या, कारण त्या वाजत होत्या.

“बरोबर,” आई म्हणाली. “आठ.”

मावशीने तिच्याकडे बघितलं. ते तीन शब्द ती म्हणालीच नाही. अजूनही म्हणालेली नाही, आणि म्हणेल असं मला वाटत नाही, तेवढा कणा तिच्यात नाही. पण पळपुटी बाई आठ दिवस खाटेशेजारी राहून टाके काढताना कुणाचा हात धरत नाही, एवढं गणित त्या हॉलमधल्या सगळ्यात मठ्ठ माणसालाही येत होतं. मी विनम्रांकडे बघून खात्री करून घेतली.

खाली आल्यावर मी आईला विचारलं, मुद्दाम सात म्हणालीस ना. मला हो हवं होतं. शाळेत सांगायला फार बहार आली असती.

“नाही गं,” ती म्हणाली. “मला खरंच सात वाटत होते.” तिने गाडीची किल्ली शोधली, सापडली तरी शोधत राहिली. “तिला आठ आठवतात.”

सिग्नलला आईचा फोन वाजला. ग्रुपवर मोठ्या भाऊंनी एक फूल टाकलं होतं, त्याखाली चौदा जणांचे जोडलेले हात. मी आईला विचारून तिला ग्रुपमधून बाहेर काढलं. फोनवर ओळ उमटली की तुम्ही निघून गेलात. ती मी आईला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, “आता खरं आहे. राहू दे.”